जनुक म्हणतं कूर्चा, स्लाइड म्हणते नाही: पेलेटमध्ये नेमकी कोणती प्रथिनं बघायची?

पेलेट२१ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. मानवी अस्थिमज्जेतल्या मेसेंकायमल स्टेम सेलपासून (हाड, चरबी, कूर्चा यांच्या पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी) कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, तयार करायची, हे माझं काम. गेले पाच आठवडे एकाच जागी अडकले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पद्धत नेहमीचीच. अडीच लाख पेशी निमुळत्या ट्यूबमध्ये घ्यायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये ५०० जी वर पाच मिनिटं फिरवायच्या आणि तळाशी बसलेला गोळा, म्हणजे पेलेट, तसाच वाढवायचा. मीडियम सीरमविना. त्यात टीजीएफ-बीटा ३ (पेशींना कूर्चेकडे वळवणारा वाढघटक) दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम, डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, आयटीएस (इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम), प्रोलिन आणि ॲस्कॉर्बेट. एक-दोन दिवसांत तळाचा चपटा थर कडेने सुटतो आणि गोल होतो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा, तुळतुळीत मणी तयार. चिमट्याने हलकेच दाबला तर दबतो, सोडला की परत फुगतो. हाताला तर ती कूर्चाच लागते.

क्यूपीसीआरही (कोणत्या जनुकाचा आरएनए किती, हे मोजणारी चाचणी) तेच सांगतं. पेलेट करण्याआधीच्या पेशींच्या तुलनेत कॉल-टू-ए-वन (टाइप २ कोलॅजेनचं जनुक) हजारपटीच्या वर गेलंय, कूर्चेचीच ॲग्रिकन आणि सॉक्स-९ ही जनुकंही वाढलीत.

मग मण्याचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, घेतले आणि घोळ सुरू झाला. टाइप २ कोलॅजेनची (कूर्चेचं मुख्य तंतुप्रथिन) अँटिबॉडी लावली, ती चिकटते तिथे तपकिरी रंग येतो, तर मण्याच्या कडेला तेवढी तपकिरी किनार आणि मध्ये कोरं. टाइप १ ची (हाड, त्वचा आणि कंडरा म्हणजे टेंडन यांचं कोलॅजेन) लावली, तर कडेपासून मध्यापर्यंत सगळं तपकिरी. टाइप १० (हाडाच्या वाटेवरच्या फुगलेल्या कूर्चापेशींचं कोलॅजेन) सातव्या दिवसापासूनच दिसतं. म्हणजे स्लाइड खरी मानायची तर मी तंतुमय कूर्चा बनवली आहे, आणि तीही हाडाच्या वाटेला लागलेली.

सर म्हणतात, जनुकांचे आकडे चांगले आहेत, त्यावर पुढे जा. मला ते पटत नाही. सांध्यात भार पेलायचा तो प्रथिनांनी, आरएनएने नाही. पेशी खरोखर कूर्चापेशी होत चालली आहे हे प्रथिनांवरून ठरवायचं तर कोणती बघू आणि कोणत्या दिवशी? आणि दर वेळी मणी न कापता काही कळू शकतं का? एका दात्याच्या पेशींत मोजकेच मणी होतात. प्रत्येक तपासणीला चार-पाच कापले की शेवटच्या दिवसासाठी हातात काही उरत नाही.

मायक्रोटोम

अगं, उत्तराच्या आधी माझेच दोन प्रश्न. त्याच मण्याच्या शेजारच्या सेक्शनवर सॅफ्रॅनिन-ओ (कूर्चेतल्या साखरयुक्त प्रथिनांना, म्हणजे प्रोटिओग्लायकॅनना, लाल करणारा रंग) केलंस का? केलं असशील तर लाल नेमकं कुठे आहे? आणि अँटिबॉडीच्या आधी सेक्शनला एन्झाइम कोणतं दिलंस?

पेलेट२१

ताई, सॅफ्रॅनिन केलंय. मध्यात गडद लाल, कडेला फिकट. एन्झाइम काहीच दिलं नाही. लॅबमधल्या प्रोटोकॉलप्रमाणे सिट्रेट बफरमध्ये ९५ अंशांवर वीस मिनिटं ठेवते. त्यात निम्मे सेक्शन काचेवरून सुटून जातात, ते वेगळंच.

तुमचा प्रश्न वाचून आत्ता दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून पाहिल्या. जिथे लाल आहे तिथेच तपकिरी नाही. अगदी रेघ मारल्यासारखं.

मायक्रोटोम

मग तुझा मणी बहुधा चांगला आहे. अँटिबॉडीच आत पोचत नाहीये.

हे नीट समजून घे, कारण कूर्चेच्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. ॲग्रिकन हे कूर्चेतलं मुख्य प्रोटिओग्लायकॅन. त्याच्या गाभ्यावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या शर्करेच्या साखळ्यांची दाट झालर असते. प्रत्येक साखळीवर ऋण भार. असे कितीतरी रेणू हायल्युरोननच्या एकेका दोऱ्यावर ओवलेले असतात आणि कोलॅजेनचे तंतू त्या गचपणात बुडालेले. सॅफ्रॅनिन ज्याला लाल करतं ते हेच. सॅफ्रॅनिनचा रेणू लहान आणि धन भाराचा, तो सहज आत शिरतो. अँटिबॉडी दीडशे किलोडाल्टनचं धूड. ती बऱ्याचदा त्या झालरीपाशीच अडते, कमी-जास्त अँटिबॉडीप्रमाणे. परिणाम असा की जिथे आंतरद्रव्य (पेशींभोवतीचा भराव) जास्त पक्व, तिथेच टाइप २ ‘नाही’ असं स्लाइड सांगते. तुझ्या मण्याच्या कडेला प्रोटिओग्लायकॅन कमी आहेत, म्हणून तिथे रंग दिसतो.

उपाय साधा आहे. उकळणं बंद कर, कूर्चेचे सेक्शन त्याने सुटतातच. वृषणातलं हायल्युरोनिडेज हे एन्झाइम घे. ते हायल्युरोननबरोबर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटही तोडतं. मी दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम घेते, ३७ अंशांवर अर्धा तास. काही अँटिबॉडींना त्याआधी प्रोनेज हे प्रथिनं तोडणारं एन्झाइमही लागतं, पण ते जास्त वेळ राहिलं तर सेक्शनच विरघळायला लागतो. म्हणून ५, १० आणि २० मिनिटं अशा तीन स्लाइड करून ठरव. एन्झाइम दिल्यावर एका स्लाइडवर पुन्हा सॅफ्रॅनिन कर. लाल उतरलं असेल तरच एन्झाइमने काम केलं म्हणायचं. ही तपासणी फारसं कोणी करत नाही. मी दर नव्या बाटलीला करते.

आता टाइप १ चं. सगळीकडे एकसारखं तपकिरी दिसलं की मला आधी अँटिबॉडीचा संशय येतो, पेशींचा नंतर. टाइप १ आणि टाइप २ च्या साखळ्यांमध्ये साम्य भरपूर. सशात वा शेळीत बनवलेल्या पॉलिक्लोनल अँटिबॉडीज (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) दोन्हींना चिकटताना मी पाहिल्या आहेत. तुझ्या स्लाइडसोबत कंट्रोल कोणते होते ते तू लिहिलं नाहीस. नुसती ‘प्राथमिक अँटिबॉडी नाही’ ही स्लाइड पुरत नाही. सांध्याच्या निरोगी कूर्चेचा एक सेक्शन हवा आणि कंडरेचा किंवा त्वचेचा एक. कूर्चेत टाइप २ उजळलं पाहिजे आणि टाइप १ जवळपास कोरं राहिलं पाहिजे. कंडरेत याच्या उलट. टाइप १० साठी वाढत्या हाडाच्या टोकाची वाढचकती (ग्रोथ प्लेट) घे. तिथे फक्त फुगलेल्या पेशींच्या पट्ट्यात रंग यायला हवा. हे तिन्ही कंट्रोल तुझ्या मण्यांबरोबर त्याच दिवशी, त्याच डब्यात, तितकाच वेळ ठेवलेले पाहिजेत. ते जुळले की मग मण्याबद्दल बोलू.

जेलवाला

मायक्रोटोम यांच्याशी पूर्ण सहमत. पण मुळात जनुकाचा आकडा आणि प्रथिन यांची फारकत का होते, तेही बघा. तुमच्या बाबतीत दोष स्लाइडचा निघेल कदाचित, पण एरवी ही फारकत खरीही असते.

पहिलं कारण ॲस्कॉर्बेट. कोलॅजेनमधल्या प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट चढवणाऱ्या एन्झाइमला ते लागतं. ते नसेल तर तिहेरी पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही आणि प्रोकोलॅजेन पेशीतच अडकून पडतं. आरएनए भरपूर, प्रथिनही बनतंय, पण बाहेर काही नाही. अशा वेळी स्लाइडवर रंग आंतरद्रव्यात न दिसता प्रत्येक पेशीच्या आत ठिपक्यासारखा दिसतो. तुम्ही नुसतं ॲस्कॉर्बेट लिहिलंय. साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड इन्क्युबेटरमध्ये काही तासांतच निकामी व्हायला लागतं. दोन-तीन दिवसांनी मीडियम बदलणार असाल तर ॲस्कॉर्बेट-२-फॉस्फेटच हवं. बाटलीवरचं नाव वाचा.

दुसरं कारण, कॉल-टू-ए-वनचे दोन अवतार आहेत. ज्यात दुसरा एक्सॉन (जनुकाचा एक तुकडा) राहतो तो टू-ए, कूर्चापेशी होण्याआधीच्या पेशींचा. तो एक्सॉन गळतो तेव्हा टू-बी, पक्व कूर्चापेशीचा. दोन्ही मोजणारा प्रायमर (क्यूपीसीआरमध्ये काय मोजायचं ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा) वापरला तर हजारपटीतले किती पक्व, हे कळत नाही. एक जास्तीचा प्रायमर मागवला की कळेल. आणि तुलना ज्या पेशींशी केली त्यांच्यात कॉल-टू जवळपास शून्य असतं. शून्याजवळच्या आकड्याने भागलं की हजारपट सहज येते.

सॉक्स-९ बद्दलही जपून. ते कॉल-टू आणि ॲग्रिकन दोन्हींना चालना देतं, यात वाद नाही. पण तुमच्या स्टेम सेलमध्ये ते थोडंफार आधीपासून असतं, आणि सपाट डिशमध्ये वाढवून स्वभाव विसरलेल्या कूर्चापेशींतही पूर्ण जात नाही. त्यामुळे आहे की नाही यापेक्षा ते केंद्रकात आहे का, हे महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यातला एखादा मणी इम्युनोफ्लुओरेसन्सने (चमकणाऱ्या अँटिबॉडीने) बघा, केंद्रकाच्या निळ्या रंगावर ते बसतंय का ते. त्यानंतर सॉक्स-९ मोजून फार काही हाती लागत नाही.

टाइप १ आणि २ चा निकाल अँटिबॉडीशिवायही लावता येतो. मणी पेप्सिनमध्ये ४ अंशांवर पचवा आणि प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवा. टाइप २ मध्ये तिन्ही साखळ्या एकाच जातीच्या. टाइप १ मध्ये दोन अल्फा-१ आणि एक अल्फा-२. दोन्हींच्या अल्फा-१ जेलवर एकाच उंचीला बसतात, तिथे फरक कळत नाही. पण त्यांच्या किंचित खाली अल्फा-२ ची पट्टी दिसली तर टाइप १ आहे, आणि वरच्या पट्टीच्या निम्म्याच्या आसपास असेल तर जवळपास सगळं टाइप १ च आहे. पचन झालं की जेल आणि साधा कुमासी रंग, एका दुपारचं काम. कोलॅजेन हे वजन ओळखायला शेजारी लावलेल्या मार्करच्या तुलनेत हळू पळतं, त्यामुळे पट्टी अपेक्षित वजनाच्या वर दिसली तर घाबरू नका. ॲग्रिकनचा ब्लॉट (जेलवरचं प्रथिन अँटिबॉडीने ओळखणं) करणार असाल तर आधी कॉन्ड्रॉइटिनेजने साखळ्या काढा, नाहीतर ते जेलमध्ये शिरतच नाही.

आता मणी न कापता काय करायचं. तुम्ही टाकून देता ते मीडियम हीच सोन्याची खाण आहे. सीरम नाही, त्यामुळे त्यात कूर्चेचं जे प्रथिन सापडेल ते तुमच्या पेशींचंच. मी दोन गोष्टी मोजतो. एक, टाइप २ चा सी-प्रोपेप्टाइड. प्रोकोलॅजेन पेशीबाहेर आल्यावर तंतू होण्याआधी त्याचं हे टोक कापलं जातं आणि त्यातलं बरंचसं मीडियममध्ये उतरतं. म्हणजे साठलेलं किती हे नाही, त्या दोन दिवसांत नवं किती बनवून बाहेर काढलं हे कळतं. ॲस्कॉर्बेट कमी पडलं तरी हाच आकडा आधी घसरतो. दुसरी, सीडी-रॅप. हेच प्रथिन मेलानोमावाल्यांकडे एमआयए नावाने ओळखलं जातं. साधारण ११ किलोडाल्टनचं, पेशीतून बाहेर स्रवणारं, आणि कूर्चापेशीचा स्वभाव टिकला की वाढतं, विसरला की घटतं. दोन्हींचे एलायझा (अँटिबॉडीने प्रथिन मोजायचे संच) मिळतात. मीडियम प्रत्येक बदलाला फिरवून, प्रोटिएज इनहिबिटर घालून उणे ८० ला ठेवा आणि शेवटी सगळं एकाच प्लेटवर मोजा. वेगवेगळ्या दिवशी मोजलेल्या प्लेट जुळवत बसण्यासारखा मनस्ताप नाही. आकडा दर मण्यामागे, दर २४ तासांना असा लिहा, कारण शुक्रवार ते सोमवारचं मीडियम तीन दिवसांचं असतं.

कॉम्प आणि वायकेएल-४० ही प्रथिनंही कूर्चेची खूण म्हणून मोजतात, पण त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नका. कॉम्प कंडरेतही भरपूर असतं. वायकेएल-४० तर पेशींवर ताण आला, सूज आली तरी चढतं.

वाढचकती

टाइप १० बद्दल मी सांगतो, कारण माझी चार वर्षं त्याच्यामागे गेली.

कंट्रोल लावल्यावर बाकी सगळं सुधारेल कदाचित, पण टाइप १० जाणार नाही, याची मनाची तयारी ठेवा. भ्रूणातल्या वाढचकतीत क्रम ठरलेला असतो: आधी टाइप २, पेशी फुगल्यावर टाइप १०, मग क्षार. अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल हा क्रम पाळत नाहीत. त्यांच्यात टाइप १० फार लवकर, कधी टाइप २ च्याही आधी दिसतं. म्हणून सातव्या दिवशी टाइप १० दिसलं एवढ्यावरून पेशी फुगून हाडाकडे निघाल्या असं म्हणता येत नाही. त्याचबरोबर दुर्लक्षही करता येत नाही. असे मणी उंदरांच्या त्वचेखाली ठेवल्यावर त्यांच्यात क्षार साठतात आणि रक्तवाहिन्या शिरतात, तर सांध्यातल्या कूर्चापेशींचे मणी तसे होत नाहीत, हे २००६ मध्येच दाखवून झालं आहे.

मी टाइप १० एकटं कधीच वाचत नाही. सोबत एमएमपी-१३ (कोलॅजेन तोडणारं एन्झाइम) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (क्षार साठायला मदत करणारं) बघतो. तिन्ही एकत्र चढू लागली की काळजी. फॉस्फेटेजची क्रिया मण्याच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या द्रावात) मोजणं स्वस्त आणि सोपं आहे. टाइप १० आहे पण फॉस्फेटेज सपाट आहे, असे मणी मी २८ दिवसांपर्यंत नेतो. फॉस्फेटेज दोन आठवड्यांतच चढलं, तर त्या दात्याच्या पेशींवर पुढे वेळ घालवत नाही.

शेवटची एक विनंती. आपल्याला हवी ती सांध्याची कूर्चा. तिच्या वरच्या थरात लुब्रिसिन (सांध्याला वंगण देणारं प्रथिन) असतं, मधल्या आणि खोल थरात सीआयएलपी हे प्रथिन जास्त. वाढचकतीतही टाइप २ आणि ॲग्रिकन भरपूर असतात, त्यामुळे केवळ तेवढ्या दोघांवर ‘सांध्याची कूर्चा झाली’ असं कुणी लिहिलं की मला राहवत नाही. टाइप २ सिद्ध होताच लुब्रिसिनही बघा.

पेलेट२१, साडेतीन आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

हायल्युरोनिडेज दिलं. पहिल्या स्लाइडवर सब्स्ट्रेट (तपकिरी रंग आणणारं रसायन) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसले होते. पहिल्या मिनिटाला कडेची नेहमीची किनार उमटली. मग मध्यात एकेका पेशीभोवती फिकट कडी दिसू लागली, कडी एकमेकींना भिडल्या, आणि चौथ्या मिनिटाला सगळा मणी तपकिरी. फक्त सगळ्यात बाहेरचे पेशींचे दोन-तीन थर फिके राहिले. तेच मणी, तीच अँटिबॉडी. मायक्रोटोम ताई, पाच आठवडे मी ज्याला कोरं म्हणत होते ते सगळ्यात भरलेलं होतं. शेजारच्या सेक्शनवर सॅफ्रॅनिन केलं, लाल पूर्ण उतरलं होतं.

टाइप १ बाबतही तुमचा संशय खरा ठरला. आमची अँटिबॉडी निरोगी कूर्चेच्या सेक्शनलाही तितकंच तपकिरी करत होती. आमच्याकडे ती बरीच वर्षं वापरात आहे आणि कूर्चेचा कंट्रोल कुणीच लावला नव्हता, मीसुद्धा नाही. आता मोनोक्लोनल (एकाच जागी चिकटणारी, एकजात अँटिबॉडी) मागवली. ती कूर्चेवर कोरी, कंडरेवर गडद, आणि माझ्या मण्यांवर फक्त त्याच बाहेरच्या दोन-तीन थरांत. जेलही चालवलं. अल्फा-२ ची पट्टी आहे, पण पुसट.

ॲस्कॉर्बेट फॉस्फेटवालंच होतं, बाटली तपासली. एक्सॉन २ चा प्रायमर लावला, तर सातव्या दिवशी टू-ए जास्त, एकविसाव्या दिवशी टू-बी वर आलेलं, पण टू-ए गेलेलं नाही.

टाइप १० मात्र तसंच आहे. वाढचकतीच्या कंट्रोलवर रंग बरोबर फुगलेल्या पेशींच्या पट्ट्यातच आला, म्हणजे अँटिबॉडी खरी आणि माझं टाइप १० ही खरं. फॉस्फेटेज एका दात्यात सपाट, दुसऱ्यात चौदाव्या दिवशीच चढलेलं. दोन्हींची टाइप २ ची स्लाइड मात्र ओळखू येणार नाही इतकी सारखी. एवढीच स्लाइड बघितली असती तर दोन्ही दाते मी एकाच रांगेत बसवले असते.

वाढचकती दादा, या दुसऱ्या दात्याच्या पेशी थांबवू की पीटीएचआरपी (पेशी फुगणं रोखणारं संकेतप्रथिन) देऊन बघू?

वाढचकती

पीटीएचआरपी टाइप १० ला दाबतं, पण मात्रा जास्त झाली की टाइप २ लाही सोबत ओढतं, हे मी माझ्या मण्यांत पाहिलंय. देऊन बघायचं असेल तर मणी दोन गटांत वाटा, दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करा आणि सी-प्रोपेप्टाइडवर डोळा ठेवा. तो पडला तर लगेच बंद करा. लुब्रिसिन बघितलंत का?

पेलेट२१

अजून नाही. अँटिबॉडी आली आहे, सांध्याच्या कूर्चेचा कंट्रोल सेक्शन वरच्या थरासकट कापून ठेवलाय. सोमवारी नवी बॅच लावते आहे, दोन्ही दात्यांची. या वेळी तिसऱ्या दिवसापासून प्रत्येक बदलाचं मीडियम उणे ८० ला जाईल. ट्यूबवर दाता, मणी आणि किती तासांचं ते लिहून लेबलं आजच लावून ठेवलीत.

मायक्रोटोम

लेबल अल्कोहोलने पुसलं जाणार नाही अशा पेनने लिहिलंयस ना? आणि स्लाइडवर पेन्सिलनेच लिही, झायलीनमध्ये पेन टिकत नाही.